पश्चिम विभाग बलवान की नुसती मुंबई? रणजी करंडकाच्या निमित्ताने तुलनेविषयी

सिनॉप्सिस लिहायला बसलं की एक वाक्य आपल्या हातून हमखास उतरतं : 'अमुक विभाग त्या काळात सर्वांत पुढे होता.' सहकारात पश्चिम महाराष्ट्र पुढे, शिक्षणात पुणे पुढे, क्रिकेटमध्ये पश्चिम विभाग पुढे. वाक्य चुकीचं असतंच असं नाही. पण व्हायवाला समोरचा माणूस एवढंच विचारतो, 'कशावरून?' आणि आपण विजेत्यांची यादी पुढे करतो. आज अशीच एक यादी उलगडून बघू. क्रिकेट फारसं कळत नसलं तरी चालेल. गुणतक्ता वाचता येतो ना, तेवढं पुरे.

यादी अशी. १९५८-५९ ते १९७२-७३ या सलग पंधरा हंगामांत रणजी करंडक मुंबईने जिंकला. पंधराच्या पंधरा. जगातल्या कुठल्याही मोठ्या स्पर्धेत अशी सलग सत्ता क्वचितच सापडेल. मुंबई पश्चिम विभागातली. म्हणून पश्चिम विभाग देशात सर्वांत बलवान. हे अनुमान इतकं सहज होतं की त्यात एक पायरी गाळली गेली आहे हे लक्षातही येत नाही.

ती पायरी कोणती, हे कळायला स्पर्धेची मांडणी माहीत हवी. रणजी करंडक १९३४-३५ ला सुरू झाला. देश मोठा, प्रवास रेल्वेचा आणि लांबचा, संघटनांकडे पैसा बेताचा. त्यामुळे संघ विभागांत वाटून टाकले. आधी चार विभाग होते, पुढे मध्य विभाग धरून पाच झाले. पश्चिम विभागाची घडी बसली तेव्हा त्यात मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात आणि सौराष्ट्र असे पाच संघ होते. यातला 'महाराष्ट्र' म्हणजे महाराष्ट्र राज्य नव्हे, हे नवख्या वाचकाने आधी डोक्यात पक्कं करावं. मुंबईचा संघ वेगळा, विदर्भाचा वेगळा, आणि विदर्भ तर मध्य विभागात. एका राज्यात तीन संघ आणि ते दोन विभागांत. आपला नगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर, 'महाराष्ट्र' संघाच्या हद्दीत येतो.

बेलापूरच्या माणसाला हा नावांचा घोळ नवा नाही. दौंड-मनमाड मार्गावर 'बेलापूर' नावाचं स्टेशन आहे. पण उतरून बघाल तर तुम्ही श्रीरामपुरात असता, बेलापूर गाव तिथून काही किलोमीटर पुढे प्रवरेकाठी. (आणि मुंबईच्या लोकांना वाटतं तुम्ही नवी मुंबईतून आलात.) पाटीवरचं नाव आणि पाटीखालची जमीन एक नसते, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. विभागांची तुलना करताना नेमकं हेच विसरलं जातं. 'पश्चिम विभाग' ही पाटी आहे. तिच्याखाली नेमकं कोण उभं आहे, ते आपल्याला शोधायचंय.

आता त्या यादीच्या मागचा नियम बघा, कारण सगळी गंमत तिथे आहे. १९५६-५७ पर्यंत विभागात बाद पद्धत होती : हरला की घरी. १९५७-५८ पासून विभागात साखळी सामने सुरू झाले, आणि प्रत्येक विभागातला एकच संघ, पहिला आलेला, पुढच्या बाद फेरीत जाऊ लागला. हा नियम १९६९-७० पर्यंत चालला. १९७०-७१ पासून प्रत्येक विभागातले पहिले दोन संघ पुढे जाऊ लागले.

आता कागद घ्या आणि दोन गोष्टी एकाखाली एक मांडा. १९५८-५९ ते १९६९-७० हे बारा हंगाम. या बाराही हंगामांत करंडक मुंबईने जिंकला. करंडक जिंकायचा तर विभागात पहिलं यावं लागतं, म्हणजे बाराही वेळा पश्चिम विभागातून मुंबईच पुढे गेली. मग महाराष्ट्र, बडोदा, गुजरात आणि सौराष्ट्र यांनी त्या बारा वर्षांत रणजी करंडकात विभागाबाहेरच्या संघाशी किती सामने खेळले?

शून्य.

एकही नाही. बारा वर्षं हे चार संघ आपसांत आणि मुंबईशी खेळले, बस. दिल्ली, हैदराबाद, बंगाल, मद्रास यांच्यापैकी कुणाशीही रणजीत त्यांची गाठ पडली नाही. बारा वर्षं म्हणजे एका खेळाडूची अख्खी कारकीर्द. त्या काळात पुण्यात किंवा नगरात वाढलेल्या एखाद्या चांगल्या फलंदाजाने रणजीत जे काही केलं, ते सगळं चार शेजाऱ्यांविरुद्ध. ते शेजारी देशाच्या मापाने भारी होते की हलके, हे रणजीच्या तक्त्यावरून ठरवताच येत नाही. आणि निवड समितीपुढे तोच तक्ता जायचा. म्हणजे प्रश्न फक्त आकडेमोडीचा नव्हता. कुणाला भारताकडून खेळायची संधी मिळते, याच्याशी त्याचा संबंध होता.

संशोधन करायला निघालेल्या माणसाने इथे थांबून विचार करावा. पुरावा हरवला, जळला, वाळवीने खाल्ला, असं इथे झालेलं नाही. पुरावा तयारच झाला नाही, आणि तो तयार होऊ नये अशी रचना स्पर्धेच्या नियमातच होती. आपण अभिलेखागारात जाऊन 'कागद मिळाले नाहीत' असं लिहितो, तेव्हा ते कागद हरवले की कधी लिहिलेच गेले नव्हते, हे दोन वेगळे निष्कर्ष असतात. पहिल्यात आणखी शोधायचं असतं. दुसऱ्यात ती पोकळी स्वतःच एक वस्तुस्थिती असते आणि तिच्याविषयी लिहायचं असतं.

पोकळी का भरता येत नाही, ते साध्या उदाहरणाने सांगते. समजा बेलापूर, श्रीरामपूर, राहुरी आणि टाकळीभान या चार गावांचे कबड्डीचे संघ आपसांत वर्षभर खेळले. तिकडे कोपरगाव, राहाता, शिर्डी आणि संगमनेर हे चार आपसांत खेळले. इकडे श्रीरामपूर पहिलं, तिकडे संगमनेर पहिलं. आता कुठला गट भारी? तुमच्याकडे दोन्हीकडचे मिळून शंभर सामन्यांचे निकाल असले तरी उत्तर नाही, कारण दोन गटांना जोडणारा एकही सामना नाही. श्रीरामपूर आणि संगमनेर एकदा भिडले, श्रीरामपूर जिंकलं, तर पूल तयार झाला. पण तो पूल एका फळीचा. त्या एका निकालावरून 'टाकळीभान हे शिर्डीपेक्षा भारी' असं म्हणायचं असेल तर श्रीरामपूर आणि टाकळीभान यांच्यातलं अंतर, संगमनेर आणि शिर्डी यांच्यातलं अंतर, सगळं त्या एका फळीवर तोलावं लागतं. आणि त्या दिवशी संगमनेरचा मुख्य चढाईपटू लग्नाला गेलेला असला तर?

गणितवाल्यांनी हा प्रश्न फार आधी नीट मांडून ठेवलाय. जर्मन गणिती झर्मेलो याने १९२९ मध्ये बुद्धिबळपटूंच्या संदर्भात, आणि ब्रॅडली व टेरी यांनी १९५२ मध्ये स्वतंत्रपणे, जोडीजोडीने केलेल्या तुलनांवरून प्रत्येकाची ताकद काढायची रीत दिली. सूत्र अवघड नाही. क्ष ने य ला हरवण्याची शक्यता म्हणजे क्ष ची ताकद भागिले दोघांची मिळून ताकद. पण ही रीत एका अटीवर चालते : सगळे स्पर्धक निकालांच्या साखळीने एकमेकांशी जोडलेले हवेत. गट सुटे असतील तर गणित उत्तर देत नाही. त्याचा हा प्रामाणिकपणा मला आवडतो. आपण इतिहासवाले अशा वेळी 'साधारणतः असे म्हणता येईल' असं लिहून पुढे सरकतो.

मग विभागांची तुलना करायला दुसरा पुरावा आहे का? आहे. १९६१-६२ मध्ये नियामक मंडळाने दुलीप करंडक सुरू केला. प्रत्येक विभागाने आपल्या सगळ्या संघांतले उत्तम अकरा निवडायचे आणि विभागांनी एकमेकांशी खेळायचं. तुम्ही म्हणाल, झालं, हाच तो पूल. बघू.

पहिले दोन हंगाम पश्चिम विभाग जिंकला. १९६३-६४ ला पश्चिम आणि दक्षिण यांच्यात करंडक विभागून. १९६४-६५ पुन्हा पश्चिम. इथपर्यंत आपल्या यादीला बळ येतं. पण पुढे १९६५-६६, १९६६-६७, १९६७-६८ असे सलग तीन हंगाम दक्षिण विभाग जिंकला. मग दोन वर्षं पश्चिम, १९७०-७१ ला परत दक्षिण, १९७१-७२ ला मध्य. आणि लक्षात घ्या, या सगळ्या वर्षांत रणजी मात्र मुंबईच जिंकत होती. ज्या तीन हंगामांत दक्षिण विभाग दुलीप करंडक नेत होता, त्याच तीन हंगामांत मुंबईने अंतिम सामन्यांत अनुक्रमे राजस्थान, राजस्थान आणि मद्रास यांना हरवलं.

एकाच वर्षी पश्चिमेचा एक संघ देशात पहिला आणि पश्चिमेचा निवडक संघ मात्र पहिला नाही. हे कसं? घाईघाईने 'निकाल लहरी असतात' म्हणू नका. दोन्ही स्पर्धा दोन वेगळ्या गोष्टी मोजत होत्या, हे उत्तर मला जास्त पटतं. मुंबईच्या मैदानांवर कांगा लीगपासून कचेऱ्यांच्या टाइम्स शील्डपर्यंत एकत्र खेळून तयार झालेला संघ मुंबईकडे होता. रणजी त्याची परीक्षा घ्यायची. दक्षिणेत म्हैसूर, मद्रास, हैदराबाद अशी ताकद तीन ठिकाणी विखुरलेली. एकेका संघात मुंबईला हरवण्याइतकं बळ नसेल, पण तिघांतले उत्तम लोक एकत्र आले की प्रसन्ना आणि वेंकटराघवन एकाच बाजूने चेंडू टाकायचे. पश्चिमेची ताकद एका ठिकाणी साठलेली, दक्षिणेची पसरलेली. साठलेली ताकद रणजीत दिसते, पसरलेली दुलीपमध्ये. आता सांगा, कुठला विभाग बलवान? प्रश्न विचारताना 'बलवान' म्हणजे काय ते ठरवलं नव्हतं, म्हणून उत्तरं दोन आली. पहिला क्रमांक मोजायचा, निवडक अकरा मोजायचे, की विभागातल्या मधल्या संघाची पातळी? तिसरी गोष्ट तर यातल्या कुठल्याच स्पर्धेने मोजली नाही.

ती मोजायची पहिली संधी आली १९७०-७१ ला. दोन संघ पुढे जाण्याचा नियम लागू झाला आणि पश्चिमेतून मुंबईबरोबर महाराष्ट्रही बाद फेरीत गेला. त्या हंगामाचा अंतिम सामना कोणात झाला माहीत आहे? मुंबई आणि महाराष्ट्र. बारा वर्षं ज्या संघाला विभागाच्या कुंपणाबाहेर रणजीचा एकही सामना मिळाला नव्हता, तो दार उघडल्याच्या पहिल्याच वर्षी थेट अंतिम फेरीत. चंदू बोर्डे यांच्या महाराष्ट्राने मुंबईला झुंज दिली आणि फक्त ४८ धावांनी सामना गमावला.

हे वाचून छाती फुगते, माझीही फुगली. पण घाई नको. त्या हंगामात भारतीय संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होता. वाडेकर कर्णधार; सोबत सरदेसाई, गावसकर, सोलकर, अशोक मांकड. मुंबईचे पाच बिनीचे खेळाडू तिकडे. इकडे मुंबईचं नेतृत्व केलं सुधीर नाईक यांनी. म्हणजे ४८ धावांचं अंतर हे महाराष्ट्र आणि पूर्ण ताकदीची मुंबई यांच्यातलं नव्हे. एक वाचन असं : महाराष्ट्र इतका जवळ आला तो मुंबई अर्धी असल्यामुळे. दुसरं वाचन : मुंबईचे उरलेले लोकही बाकी देशापेक्षा वरचढ होते आणि महाराष्ट्र त्यांच्या खांद्याला खांदा लावून होता, कारण अंतिम फेरीपर्यंत पोचायला त्याला इतर विभागांतले संघ मागे टाकावे लागलेच होते. दोन्ही वाचनं त्याच एका निकालावर उभी आहेत. माझा कल दुसऱ्याकडे आहे. पण तो कल आहे, सिद्धता नव्हे, आणि प्रबंधात मी तसंच लिहिणार. एक हंगाम म्हणजे एक निरीक्षण.

स्रोतांविषयी एक सूचना इथेच करते. धावफलक तुम्हाला कोण खेळलं ते सांगतो, कोण खेळलं नाही ते सांगत नाही. वेस्ट इंडीजचा दौरा प्रसिद्ध म्हणून लगेच लक्षात येतो. पण एखाद्या साध्या साखळी सामन्यात मुख्य गोलंदाज तापाने पडून होता, की त्याच्या कचेरीने रजा दिली नाही, हे त्या दिवसाच्या वर्तमानपत्रात मिळतं. त्यामुळे धावफलकाची वही आणि त्या आठवड्याची वर्तमानपत्रं एकत्रच वाचायची. धूळ खूप खावी लागते, मास्क न्या.

आता उलट्या बाजूने येऊ. मुंबईच्या पंधरा विजयांत समोर हरलेला संघ कोण, ही यादी कुणी फारशी वाचत नाही. त्यात राजस्थान सात वेळा आहे : १९६०-६१ ते १९६३-६४ सलग चार, मग १९६५-६६, १९६६-६७ आणि १९६९-७०. म्हणजे विजेत्यांच्या यादीत मध्य विभाग कुठेच नाही, उपविजेत्यांच्या यादीत मात्र तोच सर्वांत पुढे. 'मध्य विभाग हा देशातला दुसरा बलवान विभाग' असं वाक्य कुणी लिहिलं तर यादी त्याला पाठिंबा देईल.

पण पाटीखाली बघा. त्या काळात राजस्थानकडून खेळलेल्यांत विनू मांकड आहेत, जामनगरचे, आणि मुंबईकडूनही खेळलेले. सलीम दुराणी आहेत, जे आधी सौराष्ट्र आणि गुजरातकडून खेळले. सुभाष गुप्ते आहेत, मुंबईचे. राजस्थानच्या क्रिकेटला उदयपूरच्या महाराणांचा आश्रय होता आणि चांगल्या खेळाडूंना तिथे बोलावलं जायचं. म्हणजे मध्य विभागाच्या खात्यावर जमा झालेल्या ताकदीचा एक भाग पश्चिम विभागात घडलेला. तो भाग कुणाच्या नावावर मांडायचा? जिथे घडला त्या विभागाच्या, की जिथे खेळला त्या? दोन्ही मांडण्या वैध आहेत, फक्त एक निवडून शेवटपर्यंत तीच पाळावी लागते. खेळाडू जिथे घडला ते मोजणं हा प्रशिक्षणाचा इतिहास झाला, जिथे खेळला ते मोजणं हा आश्रयाचा आणि नोकऱ्यांचा इतिहास. माझ्या मते दुसरा जास्त रंजक आहे, पण त्यावर लिहिणारे कमी.

आमच्या भागातलं उदाहरण सगळ्यांना माहीत आहेच. झहीर खान श्रीरामपूरचा. जन्माने आणि शाळेने 'महाराष्ट्र' संघाच्या हद्दीतला. रणजीत मात्र तो बडोद्याकडून आला, २०००-०१ ला बडोद्याने करंडक जिंकला तेव्हा तो त्या संघात होता, आणि पुढे मुंबईकडून खेळला. तुम्ही संघासंघांची तुलना करत असाल तर ही मोठी उलथापालथ आहे : महाराष्ट्राच्या वहीतून एक भारी डावखुरा गोलंदाज वजा, बडोद्याच्या वहीत जमा. पण विभागांची तुलना करत असाल तर काहीच बदललं नाही, कारण तिन्ही संघ पश्चिमेचेच. तेच मांकड-दुराणींचं स्थलांतर बघा, ते विभागाची सीमा ओलांडतं. एकच घटना एका पातळीवर चूक निर्माण करते आणि दुसऱ्या पातळीवर अदृश्य होते. आपलं एकक कोणतं, गाव की तालुका, महाविद्यालय की विद्यापीठ, संघ की विभाग, हे पहिल्या प्रकरणात ठरवा असं गाईड का म्हणतात, ते यावरून कळावं.

एकक बदलतंही, आणि न सांगता बदलतं. म्हैसूरचा कर्नाटक झाला, मद्रासचा तमिळनाडू, काठियावाडचा सौराष्ट्र. महाविद्यालयीन क्रिकेटमध्ये तर जास्तच. विद्यापीठांचा रोहिंटन बारिया करंडक १९३५ पासूनचा. पुणे विद्यापीठ स्थापन झालं १९४९ ला. तोवर पुण्यातली पोरं मुंबई विद्यापीठाकडून खेळायची. मग मुंबई विद्यापीठाच्या सुरुवातीच्या यशात पुण्याचा वाटा किती? मैदान तेच, मास्तर तेच, पाटी बदलली. कुणाला विषय हवा असेल तर हा घ्या, मी त्यात हात घालणार नाही.

सरासरीविषयी बोलायचं राहिलं. विभागाची ताकद एका आकड्यात सांगायची म्हटली की सरासरी येते, आणि विभागाच्या आतलं अंतर झाकलं जातं. १९४८-४९ चा हंगाम घ्या. डिसेंबरमध्ये पुण्यात महाराष्ट्राने काठियावाडविरुद्ध ४ बाद ८२६ केल्या. भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या ४५२ च्या विश्वविक्रमाला नऊ धावा कमी असताना जेवणाची सुट्टी झाली आणि काठियावाडने सामनाच सोडून दिला. त्याच हंगामात, त्याच पुण्यात, मुंबईने त्याच महाराष्ट्राविरुद्ध एका डावात ६५१ आणि दुसऱ्यात ८ बाद ७१४ केल्या. महाराष्ट्राने ४०७ आणि ६०४ केल्या तरी ३५४ धावांनी हार. त्या सामन्यात एकूण २,३७६ धावा झाल्या, प्रथम श्रेणीच्या इतिहासातला विक्रम. एकाच भूभागातले तीन संघ : एक सामना सोडून निघून जातो, दुसरा त्याला चिरडतो, तिसरा त्या दुसऱ्याला चिरडतो. यांची सरासरी काढून 'पश्चिमेची पातळी' म्हणणं म्हणजे प्रवरेच्या पुराची आणि उन्हाळ्यातल्या पात्राची सरासरी काढून तिथून गाडी घालण्यासारखं.

आणि निंबाळकर? त्यांना भारताकडून कसोटी सामना एकदाही खेळायला मिळाला नाही. कारणं अनेक असतील, पण ४४३ या आकड्यापुढे 'कुणाविरुद्ध?' हा प्रश्न उभा राहिला, तर उत्तर द्यायला दोन विभागांना जोडणारे सामने लागतात, आणि ते पुरेसे होत नव्हते, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत महाविद्यालयांचं फुटबॉल (त्यांचं, लांबट चेंडूचं) कॉन्फरन्स नावाच्या गटांत खेळलं जातं. शंभराहून अधिक संघ, हंगामात प्रत्येकाचे जेमतेम डझनभर सामने, आणि त्यातले बहुतेक स्वतःच्या गटातच. कुठली कॉन्फरन्स भारी यावर तिथे वर्षानुवर्षं वाद चालतात, कारण अंतिम सामन्याला कोण जाणार ते त्यावर ठरतं. १९९८ पासून त्यांनी मतदानाबरोबर संगणकाच्या क्रमवारीचाही आधार घेतला. मग वाद झाला की किती गुणांनी जिंकलं ते संगणकाने धरावं की नाही. धरलं तर दुबळ्यांना विनाकारण तुडवलं जातं, नाही धरलं तर माहिती वाया जाते. पुढे ते काढून टाकलं. अखेर २०१४ पासून चार संघांची आणि २०२४ पासून बारा संघांची बाद फेरी आली. आपल्याकडे १९७० मध्ये एकाचे दोन संघ केले, तोच उपाय. गणिताने न सुटलेला प्रश्न जास्त सामने खेळवून सोडवायचा. फरक इतकाच की त्यांच्याकडे वाद घालायला टीव्हीचे पैसे होते, आपल्याकडे महाराष्ट्राने बारा वर्षं कुणाशी वाद घातला याची नोंद शोधावी लागते.

रणजीत पुढे १९९२-९३ पासून प्रत्येक विभागातले तीन संघ पुढे जाऊ लागले. योगायोग बघा, त्याही पहिल्या वर्षी महाराष्ट्र अंतिम फेरीत होता. लुधियानात पंजाबकडून हरला. १९३९-४० आणि १९४०-४१ ला प्रा. देवधरांच्या नेतृत्वाखाली जिंकलेले दोन करंडक सोडले तर महाराष्ट्राच्या नावावर तिसरा नाही. २००२-०३ ला विभागच मोडले आणि एलिट व प्लेट असे दर्जानुसार गट आले. म्हणजे साठ-सत्तर वर्षांनी मंडळाने मान्य केलं की शेजारी राहणं आणि तुल्यबळ असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

मग सिनॉप्सिसमधल्या त्या वाक्याचं काय करायचं? मी माझ्या आराखड्यात ते असं बदललंय : 'या पंधरा हंगामांत मुंबईचा संघ रणजीत सर्वश्रेष्ठ ठरला, पश्चिम विभागाच्या इतर संघांची देशपातळीवरील ताकद १९७० पूर्वीच्या रणजी निकालांवरून ठरवता येत नाही.' वाक्य लांब झालं, जोर गेला, गाईडनी मात्र खूण केली नाही.

त्या बारा वर्षांची पोकळी थोडीफार भरायला दोन वाटा दिसतात. एक, परदेशी पाहुणे संघ. दौऱ्यावर आले की ते वेगवेगळ्या विभागांच्या संघांशी खेळायचे, म्हणजे समान प्रतिस्पर्धी मिळतो. पण तिथेही समोर निवडक अकराच असायचे. दुसरी वाट हैदराबादच्या मोईन-उद-दौला सुवर्णचषकाची. त्यात निमंत्रित संघ खेळायचे, आणि त्यांत स्टेट बँक, असोसिएटेड सिमेंट यांसारख्या कचेऱ्यांचे संघही होते. एका बँकेच्या संघात मुंबईचा, हैदराबादचा, पुण्याचा खेळाडू शेजारी शेजारी फलंदाजी करतो. एकाच गोलंदाजाविरुद्ध, एकाच दिवशी, एकाच खेळपट्टीवर. विभागांची पाटी तिथे नाहीच, पण माणसांना जोडणारे पूल भरपूर. संघांऐवजी खेळाडू हे एकक धरून ते सामने सध्या मी वहीत उतरवून घेते आहे. पहिले चार हंगाम झालेत. पुढचे झाले की तक्ता इथेच टाकते, तोवर तुमच्यापैकी कुणाच्या घरी वडिलांच्या किंवा आजोबांच्या ट्रंकेत त्या काळातल्या जिल्हा सामन्यांच्या धावफलकाच्या वह्या पडल्या असतील, तर रद्दीत देऊ नका.